भिंतीची पलीकडली बाजू

मला गोष्टी सांगता येत नाहीत. पण वाचनालयाच्या बाई ऐकतील तर शपथ. म्हणाल्या, "आबा, पाऊस सरला, जो तो अंगण नीट करायला निघालाय. कुणाची थैली मोठी, कुणाची रिकामी. कुणी आधी काय करावं, त्यावर आपल्या दिवाळी अंकात चार शब्द लिहा." मी तिसरी नापास. अंक काढायची हौस यांना आणि बोटं दुखायची माझी. लिहितो. शुद्धलेखन त्यांनी बघावं.

एकदा एक ज्ञानी म्हातारा गावाच्या टोकाला राहत असे. त्याचा एक शिष्य होता. शिष्य म्हणजे भगव्या कपड्यातला नव्हे, चांगला बायकोवाला, संसारी. आश्विनाचं ऊन पडलं तसा तो गुरूकडे आला आणि म्हणाला, "बाबा, पावसाने अंगणाची पार दशा केली. ओटा खचलाय, जमीन उखडलीय, कुंपणाची भिंत काळी पडलीय. थैली लहान आहे. आधी काय करू?"

तिथे एक व्यापारी बसला होता. त्याला न विचारता बोलायची सवय. तो म्हणाला, "लोखंडी फाटक बसव. आतलं कसंही असो, फाटकाने रुबाब येतो. मी तर यंदा सगळ्या अंगणात फरशी टाकतोय."

"तुमचं ठीक आहे, शेठजी," शिष्य म्हणाला. "माझ्याकडे एका भिंतीपुरता चुना आहे. आणि माझं दुखणं निराळंच आहे. शेजारच्या म्हातारीने विहिरीच्या वाटेवर बोराटीचे काटे टाकलेत. वाट तिच्या अंगणातून जाते. बायकोला आठवा महिना. भरला हांडा घेऊन ती ओढ्यावरून वळसा घालते. काल तिचा पाय घसरला. हांडा चेपला, ती थोडक्यात वाचली. म्हातारीला दया नाही."

गुरूने विचारलं, "काटे कधी टाकले?"

"मी भिंत घातली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"ती भिंत पलीकडून कशी दिसते?"

"मला काय ठाऊक? पलीकडे आपलं काय काम?"

गुरू उठला. मग म्हणाला, "उद्या मी येतो. चुना भिजवून ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरू आला, हातात कुंचा आणि जुनी थापी घेऊन. शिष्य सारवणासाठी शेण-माती आणायला गेला. परत येईतो दुपार कलली होती. बघतो तर चुन्याची बादली जागेवर नाही आणि त्याच्या बाजूची भिंत होती तशीच काळी. पुरुषभर उंच भिंतीच्या पलीकडून मात्र कुंचा फिरल्याचा आवाज येत होता.

शिष्य ओरडला, "बाबा! तिकडे काय करताय?"

"चुना देतोय."

"अहो, पण भिंत माझी!"

"तुझीच आहे. कोण नाही म्हणतंय?"

"माझ्या बाजूला थोडा तरी उरेल का?"

"नाही."

शिष्याचं डोकं फिरलं. काटे लाथेने बाजूला सारत तो तरातरा म्हातारीच्या अंगणात शिरला. भिंत घातल्यापासून तो तिथे पहिल्यांदाच आला होता. म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. उठली नाही.

"आलास होय?" ती म्हणाली. "मला वाटलं, गवंड्याने भिंतीत तुझे पायही चिणून टाकले."

शिष्य गुरूवर भडकला. "सणाचा चुना हिच्या बाजूला घालवलात! माझ्या दारात येणाऱ्याला काय दिसणार?"

गुरूने कुंचा खाली ठेवला. "आधी तिच्याजवळ बस. मग बोल."

शिष्य नाइलाजाने उंबऱ्यावर टेकला. समोर भिंत. अर्धी पांढरी झालेली, तर अर्ध्या भागावर अजून विटा बाहेर आलेल्या, गवंड्याच्या मालाचे ओघळ वाळून लोंबलेले. गिलावा त्याने फक्त आपल्या बाजूला केला होता. भिंतीच्या बुडाशी गवंड्याने टाकलेला राडारोडा पडला होता, आणि त्यात म्हातारीची रांगोळीची जागा गाडली गेली होती.

गुरू म्हणाला, "लेका, तुझ्या बाजूने ही भिंत तुला येता-जाता दिसते. पण या म्हातारीचं दार इथेच उघडतं. सकाळी उठल्यावर ही देवाच्या आधी तुझी भिंत बघते. तू जिला पलीकडची म्हणतोस ती बाजू हिच्या घरातली आहे. माणूस अंगण सजवतो ते स्वतःच्या डोळ्यांसाठी. दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे काय ठेवलं, ते बघायला तो कधी पलीकडे जात नाही. म्हणून चुना एका बाजूपुरताच असेल, तर तो आधी पलीकडे लावावा."

म्हातारी बोलली.

"काटे मीच टाकले. पाणी तोडायला नव्हे. तू इथे भांडायला तरी येशील म्हणून. आला नाहीस. पोटुशी पोरगी वळसा घालायला लागली. मग मलाच ते उचलायची लाज वाटायला लागली."

शिष्याने घमेलं मागितलं. अंधार पडेपर्यंत तो राडारोडा वाहत होता. गुरू थापीने ओघळ खरवडत होता आणि म्हातारी दोघांनाही चुका दाखवत होती. सकाळी तिच्या न्हाणीच्या चुलीत बोराटी तडतडत जळत होती आणि शिष्याची बायको सरळ वाटेने पाणी नेत होती. त्या दिवाळीत शिष्याची बाजू काळीच राहिली.

व्यापाऱ्याला हे कळलं. तो म्हणाला, "बाबा, हे गरिबाचं झालं. माझी थैली मोठी आहे. मी काय करू?"

"तुझी भिंतही लांब आहे," गुरू म्हणाला. "चार शेजाऱ्यांना लागते. तुला जास्त चुना लागेल."

"आणि ज्याच्याकडे भिंतच नाही त्याने?"

"त्याने शेजाऱ्याच्या दारापर्यंत झाडावं."

व्यापारी फरशीचं विचारायला आला होता. तो घरी गेला, आणि आपल्याच भिंतीला वळसा घालून पहिल्यांदा पलीकडे जाऊन उभा राहिला. तिथे बराच वेळ उभा होता म्हणतात.

गोष्ट एवढीच. यंदा अंगणाला हात लावण्याआधी शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर घटकाभर बसून या, खर्च नाही. मी बसून आलो. आता ज्याने गोठ्याचं पाणी माझ्या दारात सोडलं आणि वर "उतारच तिकडे आहे" म्हणाला, त्याने माझ्या उंबऱ्यावर येऊन बसावं आणि माफी मागावी. आपला, निवृत्ती खुटवड.