बस्त्यावची महिन्याची मिस्सा

“आता आडकाठीच उरली नाही, तरी ती येत का नाही, फादर?”

फादर ऑल्विन हे तिसऱ्यांदा विचारत होते. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

म्हातारे फादर मान्वेल खुर्चीत होते. परवापरवापर्यंत हे चर्च तेच सांभाळत. त्यांच्या पायांतलं बळ गेलंय, त्यांची उठबस मीच पाहतो. मी खाली बसून भिजवलेले वाल सोलत होतो.

“रोमला खुर्च्या नव्हत्या का रे? बस की,” म्हातारे फादर म्हणाले.

फादर ऑल्विन बसले नाहीत. रोज सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपली की एका छोट्या डबीतून ते म्हाताऱ्या फादरांसाठी ओस्ती, ख्रिस्ताचं शरीर मानतात ती पातळ भाकर, आणतात. आज डबी खिशात होती आणि द्यायचं भान नव्हतं.

गोष्ट नतालीनची. तिचं बस्त्यावशी लग्न झालं ते कोर्टात. बस्त्यावची पहिली बायको त्याला सोडून गेलेली. कोर्टाने त्याला मोकळं केलं, चर्चने नाही केलं. म्हणजे चर्चच्या लेखी नतालीन त्याची बायको नव्हेच. बावीस वर्षं ती दर रविवारी मिस्सेला आली, पण ओस्ती काही तिला मिळाली नाही. भांडली मात्र कधी नाही.

मागच्या महिन्यात बस्त्याव वारला. फादर ऑल्विन रोमहून चर्चचा कायदा शिकून आलेले. त्यांच्या ध्यानात आलं, नवरा गेला तशी नियमाची अडचणही गेली. आता तिने कुमसार करायचा, पाप सांगून माफी मागायची, की झालं. येत्या रविवारी बस्त्यावच्या नावाची महिन्याची मिस्सा. त्याच मिस्सेत तिला ओस्ती द्यायची, असं त्यांनी मनात धरलं. चार जणांना सांगूनही बसले. आणि मग आनंदाने तिच्याकडे गेले.

नतालीन वांग्यांना पाणी सोडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, कुमसारात काय सांगू? हे म्हणाले, बस्त्यावबरोबर राहिलीस त्याचं वाईट वाटतं, एवढं सांग.

तेव्हा ती जे बोलली, ते फादर ऑल्विननी पडवीत जसंच्या तसं सांगितलं.

“वाईट वाटत नाही, फादर. वाटतं असं खोटं सांगून आले, तर ओस्तीतल्या देवाला जिभेवर घेऊ कशी?”

म्हाताऱ्या फादरांनी विचारलं,

“मग तू काय म्हणालास?”

“हट्ट सोड म्हणालो. बस्त्यावच्या आत्म्याला तरी बरं वाटेल, असंही बोलून गेलो. बोलायला नको होतं.”

“तिने काय केलं?”

“केळी दिली. वाटेपर्यंत सोडायला आली.”

“गोड होती का?”

“खाल्ली नाहीत मी.”

“मग इनासला दे. काळी पडतील.”

माझं नाव निघालं तरी मी मान खाली घालून वाल सोलत राहिलो.

फादर ऑल्विन खुर्चीपुढे येऊन उभे राहिले. “तुम्ही असता तर तिचं खोटं चालवून घेतलं असतंत?”

“नाही.”

“कुमसाराशिवाय ओस्ती दिली असतीत?”

“नाही.”

“म्हणजे मी बरोबर आहे.”

“आहेस की.”

तरी त्यांचे पाय काही थांबेनात...

चालता चालता हात खिशावर गेला तेव्हा त्यांना डबी आठवली. ते शरमले. गळ्यात विधीचा पट्टा घातला. मी मेणबत्ती लावली. त्यांनी ओस्ती वर धरली आणि म्हणाले, ख्रिस्ताचं शरीर.

म्हाताऱ्या फादरांनी तोंड उघडलं नाही.

“आज नको,” ते म्हणाले.

मी मेणबत्तीपाशीच थांबलो. अंगात ताप असतानाही या माणसाने कधी ओस्ती चुकवलेली मी पाहिली नव्हती.

“बरं वाटत नाही का, फादर?”

“बरा आहे. पण एका गोष्टीचं मलाही वाईट वाटत नाही. बावीस वर्षं तिला नाही म्हणत आलो तो मीच.”

“तो नियमच होता. तुमचं त्यात पाप नाही.”

“मलाही तसंच वाटतं. तिलाही स्वतःचं तसंच वाटतं.”

“मग घ्या ना, फादर...”

म्हाताऱ्या फादरांनी ओस्ती त्यांना परत डबीत ठेवायला लावली. स्वतःच्या हाताने झाकण लावलं. फादर ऑल्विन आता हलत नव्हते.

“रविवारी मला मिस्सेला ने,” म्हातारे फादर म्हणाले. “वर वेदीपाशी नको. सगळे ओस्ती घ्यायला उठले की तिच्या बाकावर ती एकटीच उरते. तिथे बसव.”