लंगडत निघालेलं राज्य

एका राज्यात त्या दिवशी धुकं पडलं होतं. असं दाट, की गवळ्याने आपली म्हैस हाताने चाचपून ओळखावी, आणि किल्ल्याचा दरवाजा कुठे आहे ते ज्याचं कपाळ आपटेल त्यालाच कळावं.

त्या दरवाजावर पूर्वी एक दगडी शरभ होता. अंग सिंहाचं, दात मगरीचे. एकदा राजवाड्याच्या मेजवानीत एका डोळ्याच्या मांत्रिकाला पंगतीतून उठवून बाजूला बसवलं. त्याने दरवाजाशी येऊन तोंडातलं पाणी शरभावर फुंकलं आणि म्हणाला, "दरसाल माघी पुनवेला हा तुमच्यातला एक निवडील. ज्या साली याला निवडता येणार नाही, त्या साली पुन्हा दगड होईल." शरभाने डोळे उघडले, आळस दिला, खाली उतरला आणि पलीकडच्या कड्याखाली राहू लागला.

लोकांनी विचार केला, निवडता निवडता हा दहा जणांना फाडील; त्यापेक्षा आपणच एक काढून द्यावा. मग जो अधू, जो एकटा, जो चारचौघांत निराळा, त्याला लाल शेला पांघरवायचा, ओवाळायचं आणि माळावर सोडून यायचं. शरभ येई, शेला पाही, घेऊन जाई. बाकीचे घरी येऊन अंघोळ करत आणि त्या दिवशी कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नसे.

तर त्या धुक्याच्या दिवशी दरबार भरला. राजा मानकेताने विचारलं, "यंदा कोण?"

 एकेक नजर सरकत सरकत राजकन्या केतकीच्या डाव्या पायावर जाऊन थांबली. तो पाय जन्माचा आखूड होता.

 आजवर राजाने शेले पांघरवले ते दुसऱ्यांच्या लेकरांना.

"बोला की प्रधानजी," केतकी म्हणाली. "पाय आखूड आहे माझा, कान नाहीत."

प्रधानांनी मान खाली घातली. "ताईसाहेब, रीत आहे."

"रीत पुनवेला," राजा म्हणाला. "तोवर मी येतो."

तो एकटाच रानात गेला. पळसावर कोतवाल पक्षी बसला होता, काळा, दुभंगल्या शेपटीचा. राजाने हात जोडले. "पाखरा, शिकारी निवडतो कसा?"

"मी शिकाऱ्याला पिटाळतो, त्याच्या मनातलं मला काय ठाऊक? रानातल्या तिघा शिकाऱ्यांना विचार. पण राजा म्हणून विचारू नकोस. भुकेल्याने भुकेल्याला विचारावं, तसं विचार."

मग राजा उपाशी राहिला, आणि कड्यावरच्या ससाण्याला त्याने विचारलं.

ससाणा म्हणाला, "कबुतरांचा थवा सगळा पांढरा असला, की माझी नजर घसरते. त्यात एक काळं दिसू दे. नजर तिथेच रुतते."

पुढे लांडगा भेटला. तो आधी म्हणाला, "मुकुट काढ. चकाकतो. माझी बकरी बुजेल." राजाने मुकुट काढून झुडपात ठेवला. लांडगा म्हणाला, "धडधाकट बोकडाच्या वाटेला मी जात नाही. शिंग बरगडीत घुसलं तर मला कोण वैद्य? जे पाय ओढतं, ते माझं."

शेवटी पाणवठ्यावर वाघीण. तिने जीभ आवरून राजाकडे पाहिलं. "मी नुसती डरकाळी देते, राजा. कळप सोडून जे पळतं, त्याची निवड त्यानेच केलेली असते."

 राजाने कपाळावर हात मारला. "निवड तर आम्हीच करून देत होतो!"

परतल्यावर त्याने रंगाऱ्यांना सांगितलं, "कढया चढवा. शेला सगळ्यांना." आणि लोकांना सांगितलं, "पुनवेला सगळ्यांनी लंगडायचं. शिकवील माझी लेक."

केतकी मैदानात उभी राहिली. "सेनापती, डावा पाय! लंगडताय की लग्नात नाचताय?"

"ताईसाहेब, मला वगळा," प्रधान म्हणाले, "माझे गुडघे आपणहून शिकलेत."

पुनवेला माळ लाल झाला. राजा, रंगारी, गवळी, बाळंतिणी, म्हातारे, हातात हात घालून सगळं राज्य एका पायाने लंगडत निघालं. शरभ कड्याखालून आला. त्याने एक शेला पाहिला, दुसरा पाहिला. या टोकाला गेला, त्या टोकाला गेला. मग डरकाळला, तेव्हा पायाखालची माती हलली.

राजाचे पाय पळू म्हणाले. खुद्द राजाचे.

"आबा," केतकी हळूच म्हणाली, "हात सोडू नका."

राजाने सोडला नाही. कुणीच सोडला नाही. शरभ गरगर फिरला, दमला, मागे सरत सरत दरवाजावर चढला आणि दगड झाला.

राजाचा ऊर अभिमानाने भरून आला. त्याने लेकीला जवळ घेतलं, आणि मग आधी नेलेल्या साऱ्यांची नावं तिथेच मोठ्याने घेतली. त्याला सगळी पाठ होती.

इतक्यात समोरच्या टेकडीवरून एक माणूस एकटाच उतरत आला. तो शेजारचा राजा रणधवल. दरसाल आपलीच माणसं टाकून देणारं राज्य पोखरलेलं असणार, एका धक्क्यात पडेल, या भरवशावर तो फौज घेऊन टेकडीआड बसला होता. त्याने तलवार म्यानात घातली, लाल माळावरून नजर फिरवली आणि म्हणाला, "मानकेता, तुझं राज्य घ्यायला आलो होतो. सकाळपासून बघतो आहे. पण सुरुवात कुणापासून करावी, तेच मला कळेना."