दोन्ही वेशींचा विजय

"उद्या दसऱ्याच्या सामन्यात वरच्या वेशीचा संघ जिंकला पाहिजे," नेमाजीशेठ म्हणाला, "आणि खालच्या वेशीचाही."

ठकू हुतूतूच्या मैदानावर पाणी मारत होती. तिने घागर खाली ठेवली.

"पण शेठजी, सामना त्या दोघांतच आहे."

"ते मला ठाऊक आहे. दोन्ही संघ माझेच आहेत."

हे धुमाळगडात कोणाला ठाऊक नव्हतं? नेमाजीशेठने जन्मात कुठला खेळ खेळला नव्हता. जिनासुद्धा तो मध्ये एकदा बसून चढायचा. पण तालमी, आखाडे, हुतूतूचे संघ विकत घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बुडत आलेली तालीम हेरायची, पैलवानांचं दूध निम्मं करायचं, दाराला नवा रंग द्यायचा आणि तीन वर्षांनी दुप्पट दामाला विकायची. यात पैसा असायचा गावच्या धनिकांचा आणि घाम खेळाडूंचा. नफा झाला की त्यातला पाचवा हिस्सा शेठचा. तोटा झाला तर तो देवाची इच्छा.

या खेपेला मात्र शेठ स्वतःच्याच हुशारीत अडकला होता. वरच्या वेशीचा संघ त्याने धनिकांच्या एका टोळक्याच्या पैशावर घेतला होता आणि खालच्या वेशीचा दुसऱ्या टोळक्याच्या. दोन्हीकडे छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "दसऱ्याला महाराजांसमोर आपलाच संघ जिंकणार." आणि अंतिम सामन्यात आले नेमके हेच दोघे.

"हे काम माझ्याकडे का?" ठकूने विचारलं.

"काल पाणवठ्यावर तूच म्हणालीस ना, उद्या कोणीही जिंको, जिंकणार शेठच, आणि कोणीही हरो, हरणारही शेठच? एवढी जीभ चालते, तर आता डोकं चालव. जमलं नाही, तर परवा हे मैदान कडब्याच्या व्यापाऱ्याला देतो."

या मैदानातले खडे तिच्या आज्याने वेचले होते. बाप गेल्यापासून फक्कीच्या रेषा तीच आखायची. मैदान संघाबरोबर शेठला फुकटात मिळालं होतं, आणि मैदानाबरोबर ठकूही.

"बरोबरी चालेल?"

"बरोबरीचं वचन मी कोणाला दिलेलं नाही."

"एक यंदा जिंकेल, एक पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी ते माझे नसतील."

ठकूने घागरीतलं उरलेलं पाणी मातीवर शिंपडलं. मग म्हणाली, "तुमच्या दोन्ही संघांनी जिंकायचं. दोघांतल्या एकानेही हरायचं नाही. आणखी काही अट?"

"नाही."

"मग उद्या तुमच्या पेढीवरची सहा माणसं मला द्या. आणि तुम्ही वेळेवर या."

शेठला वाटलं, गर्दी आवरायला माणसं हवी असतील. तो खुशाल घरी गेला.

दसऱ्याला, ठकूने पहाटे पुन्हा भिजवलेलं मैदान फुलून गेलं. दोन्ही टोळकी नवे फेटे बांधून समोरासमोर बसली होती, आणि दोन्हीकडचे लोक शेठकडे पाहून गालात हसत होते. शेठही दोन्हीकडे हसत होता. महाराज येताच तो पुढे झाला.

"महाराज, हे दोन्ही संघ मी घडवले. या पोरांच्या अंगात जे काही आहे, ते सगळं माझ्याकडून आलं आहे."

ठकू हात जोडून समोर आली. "महाराज, डाव्या हाताने उजव्या हाताशी झुंजावं, यात बघण्यासारखं काय? ज्यांनी या पोरांना घडवलं ते शेठजी इथेच उभे आहेत. पेढीवरचे सहा जणही आले आहेत. शेठजी धरून सात होतात. दोन्ही संघांना एकेक डाव गुरूशीच खेळू द्या."

महाराजांच्या मिशा हलल्या. "वा. शेठ, उतरा."

"महाराज, माझा गुडघा—"

"शिष्यांपुढे गुडघ्याची काय भीती? उतरा."

मग धुमाळगडाने जे पाहिलं, ते पाहायला लोकांनी पदरचे पैसेही दिले असते. थोरले मुनीम चढाईला गेले. 'हुतूतू' इतक्या हळू म्हणाले, की तो मंत्र आहे की खोकला, हे पंचांना कळेना. खजिनदाराकडे समोरच्या गड्याने नुसता हात पुढे केला, तर तो शिवण्याआधीच आडवा झाला. शेठ स्वतः सर्वांत शेवटी निघाला. भागीदारांसमोर घटकाभर न थांबता बोलणाऱ्या त्या माणसाचा दम दोन 'हुतूतू'मध्ये संपला. सात जणांनी त्याला अलगद उचलून चिखलात ठेवलं. वरच्या वेशीचा डाव संपला. मग खालच्या वेशीची पोरं आली, आणि त्यांनीही तितक्याच आदराने त्याला तिथेच ठेवलं.

"दोन्ही संघ विजयी!" पंच ओरडले. दोन्ही टोळकी फेटे उडवत नाचू लागली.

शेठ धोतर सावरत ठकूपाशी आला. "हे काय केलंस? माझी गावासमोर हार झाली."

"शेठजी, तुमचा एकही संघ हरता कामा नये, नाहीतर हे मैदान विकीन, अशी तुमची अट होती," ठकू म्हणाली. "तुम्ही हरता कामा नये, असं तुम्ही म्हणालाच नव्हता."

महाराज इतके हसले, की छत्र धरणाऱ्याचा हातही हलू लागला. शेठने एकदा नाचणाऱ्या भागीदारांकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या अंगावरच्या चिखलाकडे, आणि त्यालाही हसू आवरेना.

"शेठ," डोळे पुसत महाराज म्हणाले, "तुमची अट हिने पुरी केली. मैदान हिच्या नावावर करा. आत्ता, इथेच."

कारकुनाने कागद आणला. शेठला हात धुवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून ठकूच्या कागदावर सहीशेजारी मैदानातल्या मातीचा एक अख्खा अंगठाही उमटला.