मरळीची राखण

एका तळ्याच्या काठी एक गळवाला राहत होता. तळं जुनं होतं. एका बाजूला मातीची उंच पाळ आणि बाकी तिन्ही बाजूंना मोहाची झाडं. गळवाल्याचं नाव दसरू. जाळं टाकून मासे धरणारे त्या गावात पुष्कळ होते, पण बांबूची काठी, एक दोरी आणि एक गळ एवढ्या भांडवलावर मरळ काढणारा तो एकटाच.

मरळ म्हणजे काही भोळी मासळी नव्हे. डोकं सापासारखं, अंग काळपट आणि स्वभाव संशयी. जाळं पाण्यात पडलं की ती चिखलात शिरून बसते, आणि जाळं निघून गेलं की वर येऊन हवेचा घोट घेते. तिला धरायचं तर वर्षभर मनानं तिच्या मागे फिरावं लागतं.

दसरू तसा फिरायचा. उन्हाळ्यात पाणी आटलं की मरळ कमळाच्या पानांखाली सावलीला बसते. तेव्हा तो गळाला बेडूक लावून पानापानांवरून टुणटुण उड्या मारायला लावायचा, की खालून पान फाडून मरळ वर आलीच. हिवाळ्यात ती खोल पाण्यात दगडांपाशी सुस्त पडते, खायचाही आळस करते. तेव्हा आमिष अगदी तिच्या तोंडाशी सोडायचं आणि खोकलासुद्धा गिळून बसायचं. लोक म्हणायचे, दसरूच्या हाताला गुण आहे. दसरूही तेच म्हणायचा. लोकांपेक्षा जरा जास्त वेळा म्हणायचा.

पावसाळ्याची गोष्ट मात्र वेगळी होती. पाऊस स्थिरावला की मरळ काठाच्या उथळ पाण्यात येते आणि देवधानाच्या गवतात अंडी घालते. त्या गवताला गावात मरळीचं माहेरच म्हणत. मग काही दिवसांनी पाण्यावर शेंदूर सांडावा तसा लाल पिलांचा थवा दिसू लागतो. तो थवा सरकतो, थांबतो, श्वास घ्यायला वर येतो, आणि त्याच्या खाली मोठी मरळ राखण करत फिरत असते. ती आई असते की बाप, हे पाण्यात शिरून कोणी पाहिलं नव्हतं. गावानं तिला आई ठरवून टाकलं होतं.

या दिवसांत तिला धरणं म्हणजे निव्वळ पोरखेळ. पिलांजवळ काहीही पडलं तरी ती धावून जाते. भुकेनं नाही, रागानं. म्हणून गावाचा एक रिवाज होता. ज्याला लाल थवा पहिल्यांदा दिसेल त्यानं तिथं एक काठी रोवायची आणि तिच्या टोकाला हिरवा पाला बांधायचा. पिलं काळी पडून पांगेपर्यंत त्या काठीच्या आसपास कोणी गळ टाकत नसे, जाळं सोडत नसे, म्हशीसुद्धा तिथून नेत नसत. हा रिवाज कोणी घालून दिला ते कोणाला माहीत नव्हतं, पण तो मोडायचं कोणाच्या मनातही येत नसे.

एका पावसाळ्यात दसरूच्या बायकोला, भिवराला, मुलगा झाला. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर झालेलं हे पहिलंच मूल. दसरूला पाळणा कुठं टांगू आणि कुठं नको असं होऊन गेलं. पण भिवरा बाळंतपणात फार खचली. तिला उठून बसवेना आणि अंगावर दूध येईना. शेळीचं दूध पाजून पाहिलं, ते बाळाला पचेना. बाळाचं रडणं दिवसेंदिवस बारीक होत चाललं.

गावाची सुईण कौतिकाआत्या. अर्ध्या गावाला तिनंच हातावर झेललेलं, त्यामुळे तिच्यापुढे मिशीवालेही मान खाली घालत. तिनं भिवराची नाडी पाहिली, बाळाच्या टाळूवरून हात फिरवला आणि मरळीचा गरम रस्सा पाजायला सांगितलं. दुसऱ्या कशानं हिच्यात जीव येणार नाही, म्हणाली. शेजारणींना बरं वाटलं. मरळ हवी आणि नवरा दसरू, मग काळजी कसली?

पण पावसानं तळं लाल चिखलाचं करून टाकलं होतं. त्या गढूळ पाण्यात मरळीला आमिष दिसेना आणि दसरूला मरळ दिसेना. त्यानं बेडूक लावून पाहिला, गांडूळ लावून पाहिलं, वासाची शिळी कोळंबी लावून पाहिली. ओढ्याच्या तोंडाशी बसला, पाळीखाली बसला. गळ जसा जायचा तसाच परत यायचा. जाळंवाल्या शेजाऱ्यांनीही आपापली जाळी टाकून पाहिली. हाताला लागली ती बोटाएवढी चिल्लर मासळी. त्यांनी तीही त्याच्या घरी नेऊन दिली.

असाच एका सकाळी तो रिकाम्या हातानं काठाकाठानं येत होता. देवधानाच्या गवतात, जिथं पाणी जरा निवळ होतं, त्याला लाल थवा दिसला. सुपाएवढा मोठा, ताजा, आणि अजून कोणाच्या नजरेस न पडलेला. तिथं काठी रोवलेली नव्हती.

दसरू उभा राहिला. थव्याखाली एक काळी सावली गिरकी घेऊन गेली. चांगली हातभर मरळ होती. त्यानं मागं वळून पाहिलं, पुढं पाहिलं. काठावर चिटपाखरू नव्हतं. काठी रोवायला हवी हे त्याला कळत होतं. पण त्याच वेळी घरातलं ते बारीक रडणंही त्याच्या कानात होतं. कौतिकाआत्याचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं, जाऊन विचारता आलं असतं. पण विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? त्यानं विचारलं नाही. गळ थव्याच्या कडेला सोडला आणि तो पाण्याला टेकतो न टेकतो तोच मरळीनं त्याच्यावर झडप घातली.

इतकी सोपी मरळ त्यानं जन्मात धरली नव्हती. त्या दिवशी मात्र त्याच्या तोंडून हाताचा गुण निघाला नाही.

रस्सा झाला. भिवरानं तो घोट घोट करत पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या तुकड्यांचा पुन्हा केला. तिच्या डोळ्यांत तेज आलं, अंग धरलं आणि बाळाच्या ओठांना दूध लागलं. पोट भरल्यावर बाळ असं गाढ झोपलं की दसरूनं त्याच्या नाकापाशी बोट धरून पाहिलं. मग तो परसात गेला आणि एकटाच रडला. आनंदाचंच रडू होतं, पण त्यात काहीतरी खुपत होतं आणि ते त्याला धड ओळखता येत नव्हतं.

त्या गावात बाळंतीण हिंडूफिरू लागली की पहिल्यांदा तळ्यावर जाते. ज्या जागच्या मासळीनं तिला उभं केलं, त्या जागी ती मूठभर तांदूळ सोडते आणि पाण्याचे उपकार मानते. भिवराही निघाली. बाळाला पदराखाली घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, चला, जागा दाखवा.

दसरू तिला घेऊन गेला तो थेट पाळीच्या टोकाला, खोल पाण्यापाशी. बोट दाखवलं. भिवरानं तांदूळ सोडले, डोळे मिटले आणि बराच वेळ पुटपुटत राहिली. तू माझं लेकरू राखलंस, तुझी लेकरं सुखात राहोत, असं काहीसं ती म्हणत होती.

परतताना वाट देवधानाच्या गवताजवळून जात होती. दसरूनं न पाहायचं ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. सुपाएवढा थवा आता ताटलीएवढा उरला होता. पिलं एकमेकांना चिकटून एकाच जागी घुटमळत होती, कुठं जावं ते सांगायला खाली कोणी नव्हतं. फांदीवरून खंड्या सुळकन खाली आला आणि एक पिलू घेऊन गेला. मग बगळा एक पाऊल पुढं आला. कसलीच घाई नव्हती त्याला.

दसरू वाटेतच थांबला. भिवरानं विचारलं काय झालं, आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

भिवरानं आरडाओरडा केला नाही, कपाळावर हातही मारला नाही. बाळ पदराखाली दूध पीत होतं.

"मंग म्या उपकार कोनाचे मानले?" ती म्हणाली. "जिनं जीव देल्ला, तिची लेकरं इथं उघड्यावर हायेत, अन् मी तांदूळ टाकून आली पल्याडच्या पान्यात."

दसरू म्हणाला की पुन्हा तांदूळ आणतो, इथं टाकू. भिवरानं मान हलवली. तांदळानं या पिलांचं काय होणार, असं तिनं विचारलं.

ती तशीच कौतिकाआत्याकडे गेली आणि तिला बोलावून आणलं. दसरूला वाटलं, आता गाव गोळा होणार. आत्यानं सगळं ऐकलं, थवा पाहिला, बगळ्याला एक ढेकूळ फेकून मारलं आणि दसरूकडे वळली.

"तुले गरज होती, तू घेतलीस. मले इचारलं असतंस तर म्याच घे म्हटलं असतं," ती म्हणाली. "पन घेऊन चालता झालास ना बाबा, ते वाईट केलंस. राखनदार काढला, मंग राखनीले कोन बसन?"

दसरूनं धोतराचा काचा मारला आणि तो पाण्यात उतरला.

आधी त्यानं एक काठी रोवून तिला पाला बांधला. मग घरून बांबूच्या कामट्या आणल्या. याच कामट्यांचं कूड उभं करून तो एरवी ओढ्याला चिल्लर मासे अडवायचा. आता तेच कूड त्यानं थव्याभोवती उभं केलं, मोठ्या माशांना आत येता येऊ नये म्हणून. थवा सरकला की कूड उपटायचं आणि पुढं नेऊन रोवायचं. खंड्या आला की टाळी, बगळा आला की काठी, पाणसाप आला की दोन्ही. उजाडायच्या आत तो पाण्यात असायचा आणि दिवस मावळला की कूड आवळून घरी जायचा. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याच्या पायांची कातडी पांढरी पडली. गळ मात्र घरात खुंटीला टांगलेला होता, त्याला हात लावायला सवड नव्हती.

गावात व्हायची ती मस्करी झालीच. दसरूला पिलं झाली, बारशाला कधी बोलावतोस, असं काठावरून कोणी ना कोणी विचारून जायचं. पण तीच माणसं संध्याकाळी जाळी झाडताना एकेक मूठ मासळी भिवराच्या टोपलीत टाकून जात. ना कोणी तिला विचारलं, ना तिनं कोणाला मागितलं. दुपारी ती बाळाला घेऊन काठावर यायची आणि पाण्यात उभ्या असलेल्या नवऱ्याच्या हातात भाकरी द्यायची. तो उभ्या उभ्या खायचा. एवढ्या वर्षांत आपल्या घरी जे जे शिजलं ते आपल्या हातानं आणलं असं त्याला वाटत आलं होतं. आता शेजाऱ्यांच्या मासळीचा घास घेताना त्याला फार भरून यायचं. कोणी वाटेनं गेलं की तो पाण्यातूनच हात जोडायचा, आणि लोक आणखी हसायचे.

हळूहळू पिलांना त्याची सवय झाली. ऊन वाढलं की ती त्याच्या सावलीत येऊन थांबत, पायांना गुदगुल्या करत आणि बुडबुडे सोडत श्वास घेत. एकेकाळी बुडबुडा दिसला की त्याच्या मनात गळ यायचा. आता बुडबुडा दिसला की सगळी ठीक आहेत, असं वाटून त्याचा जीव भांड्यात पडायचा. या मरळी दिवसभर हे करतात, ऋतूमागून ऋतू करतात, आणि आपल्याला त्यांचं फक्त वजन ठाऊक होतं, हे तो भिवराजवळ बोलूनही गेला.

पाऊस ओसरला, पाणी निवळलं. पिलांचा लाल रंग आधी विटला, मग ती काळपट झाली आणि बोटाएवढी वाढली. एक दिवस त्यातली काही कामट्यांच्या फटीतून खोल पाण्याकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी आणखी काही गेली. दसरूनं कूड काढून टाकलं आणि तो पाहत उभा राहिला. एकाही पिलानं मागं वळून पाहिलं नाही, आणि तसंच असायला हवं, असं त्याला वाटलं.

गावाला ते कळलं. कौतिकाआत्या आली, जाळंवाले आले, भिवरा बाळाला कडेवर घेऊन आली. सगळे म्हणाले, झालं काम, आता वर ये. दसरू वर येईना. त्याच्या पायाशी, सावलीत, एक पिलू अजून घुटमळत होतं. सगळ्यांत बारीक, किंचित लालसर राहिलेलं.

जाळंवाल्यांपैकी एक जण हसून म्हणाला, "अरे, सारे गेले सुखरूप. आता एकच तं रायलं हाय. एकासाठी कोनी थांबते का?"

दसरूनं पाण्यातून वर पाहिलं. भिवराच्या कडेवरच्या बाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "माह्या घरीबी एकच हाय."

दसरू आणखी काही दिवस त्या एकासाठी पाण्यात उभा राहिला, आणि ते खोल पाण्यात गेल्यावरच वर आला. पुढं त्या गावाच्या रिवाजात एक भर पडली. निकडीच्या वेळी कोणाला राखणीची मरळ घ्यावीच लागली, तर त्यानं घ्यावी. मात्र मग गळ तिथंच काठाला ठेवून, पिलं पांगेपर्यंत त्यांच्या राखणीला स्वतः पाण्यात उतरावं.

यातून घ्यायचं तात्पर्य: ज्यानं आपल्याला तारलं, त्याचे उपकार हात जोडून फिटत नाहीत, त्याचं जे काम आपल्यामुळे अर्धवट राहिलं, ते आपल्याला पुरं करावं लागतं.