खालच्या तळीचे दात

कुणी विश्वासच ठेवला नाही खालच्या तळीवर. घरोघरी जाती होती, तेव्हाची ही गोष्ट. एका घरी पिठात कणी राहायची, भाकरी फुटायची आणि दात पडलेले सोनबाबा अर्ध्या पोटी उठायचे. तवा परातीवर ओरडायचा, परात ज्वारीला नावं ठेवायची.

जात्याची खालची तळी म्हणाली, "भांडू नका. माझेच दात झिजलेत."

"आली मोठी शहाणी!" वरची तळी हसली. "अगं, आपण दगड. दगडाला काय होतंय? ज्वारीच हलकी!"

दारात जात्याला टाकी लावणारी, छिन्नीनं नवे दात पाडून देणारी बाई आली. वरची म्हणाली, "मला हात लावायचा नाही!" खालचीनं मात्र दिवसभर छिन्नीचे घाव सोसले.

दुसऱ्या दिवशी पीठ पुष्कळ मऊ पडलं. ते बघून तव्यानं काजळी खरवडून घेतली, परातीनं पोचे ठोकून घेतले. सोनबाबांनी अख्खी भाकरी खाल्ली. कणी लागली, पण थोडीच.

खालची ताठ मानेनं म्हणाली, "आम्ही आपापलं निस्तरलं. आता उरलेली कणी कुणाची, ते सांगा."

तवा, परात, ज्वारी, सगळे एकदम बोलले, "वरची तळी!"