हिरव्या लुगड्याचा पुढचा जन्म

लुगडी एकमेकांशी बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. गोजराबाईच्या ट्रंकेतल्या हिरव्या लुगड्याला एकच घोर लागला होता: पुढच्या जन्मी आपलं काय होणार? लुगडं जुनं झालं की फाडतात, मग कुणी बाळाचं दुपटं होतं, तर कुणी चुलीपुढचं पोतेरं, हे त्याने ऐकलं होतं.

एक डाग पडला की जन्म वाया! म्हणून ट्रंक उघडली की ते तळाशी दडून बसायचं. दर वेळी शेजारचं जांभळंच गोजराबाईच्या हाती लागायचं. शेतात जायचं, पदरातून शेंगा आणायचं, धुण्याच्या दगडावर आपटलं जायचं.

"अरे, जिवाला जप जरा," हिरवं काकुळतीने म्हणायचं. "पुढच्या जन्माची काही काळजी?"

"आज वाळवण राखायचंय," जांभळं म्हणायचं. "उद्याचं उद्या."

गोजराबाईची सून बाळंत झाली. दुपट्यासाठी सगळी ट्रंक उपसली गेली. हिरव्याचा जीव टांगणीला लागला. गोजराबाईने त्याचा पदर बाळाच्या गालाला लावला मात्र, बाळाने भोकाड पसरलं.

"छे गं बाई, किती खरखरीत! याची खळसुद्धा निघाली नाही अजून."

मग तिने जांभळं फाडलं. ते जागोजागी विरलेलं, सायीसारखं मऊ. बाळ त्यात गाढ झोपलं.

"याचं पोतेरं करू का, आत्याबाई?" सुनेने विचारलं. हिरवं गारठलं.

"पोतेऱ्यालासुद्धा पाणी पिणारं कापड लागतं. राहू दे ट्रंकेतच."

हिरवं पुन्हा तळाशी गेलं आणि झाकण खाली येऊ लागलं. तसं हिरवं धडपडत तळातून वर सरकलं आणि त्याने आपला पदर झाकणाच्या फटीतून बाहेर सोडला.