मानेवरचा मान

साग-ऐनाच्या एका जंगलात एक माकड दाढ्या करून पोट भरत असे. अस्वलाची हनुवटी, रानबोकडाची दाढी, बिबट्याच्या मिशा, सगळं त्याच्याकडे. आता प्राण्यांना कसली आली दाढी, असं विचारणारा एखादा शहाणा तुमच्यात असेलच. त्यानं गप्प बसावं आणि गोष्ट ऐकावी. तर या माकडाकडे एक धोकटी होती. धोकटी म्हणजे न्हाव्याची पिशवी. तीत वस्तरा, तुरटी, रिठ्याच्या फेसाची वाटी आणि दाढीचा ब्रश असे. वर्षातून एकदा, थंडीच्या तोंडावर, सिंहमहाराजांचा मोठा दरबार भरे आणि त्या दिवशी सगळ्या जंगलासमोर महाराजांची दाढी होई. ते काम आधी माकडाच्या आजोबांकडे होतं, मग वडिलांकडे आलं, आणि गेली तीन वर्षं त्याच्याकडे होतं.

महाराजांच्या दाढीला दरवर्षी ब्रश नवा लागे, आणि तो रानडुकराच्या मानेवरच्या केसांचाच लागे. कापलेले केस चालत नसत. मुळासकट उपटलेलेच हवेत, अशी रीत होती. का, ते कुणालाच सांगता येत नसे. हे केस पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडून घेतले जात, आणि त्याला सगळे म्हणत 'केसाचा मान'. त्या वेळी मानकरीण होती एक रानडुकरीण. दरबाराच्या आठ दिवस आधी ती पाणवठ्यापाशी येई. कोल्हा जंगलाचा कारभारी. तो तिच्या कपाळाला तांबड्या मातीचा टिळा लावी, "भाग्याची आहेस हो, बाई!" असं तोंडभरून म्हणे, आणि मग माकड एकेक झुबका धरून उपटू लागे. डुकरीण दात आवळून उभी राहत असे. मान आहे म्हटल्यावर ओरडायचं तरी कसं?

मागच्या साली मात्र तिची जखम चिघळली. जखमेत किडे झाले. महिनाभर बिचारीला कूस बदलता येईना की कंद गोड लागेना. माकडाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

यंदा ती आली. टिळा लावून झाला. माकडानं झुबका धरायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. केस पुन्हा उगवले होते खरे, पण त्यांच्या मधोमध तळहाताएवढा लालसर व्रण होता.

"मावशी, हे काय गं?" माकडानं विचारलं.

"मागच्या मानाचं," डुकरीण म्हणाली. "तू आटप बाबा लवकर."

"दुखतं का?"

"तीन वर्षं उपटतोयस आणि आज विचारतोस होय रे?" डुकरीण उसळून म्हणाली. मग तिनं आवाज खाली आणला. "दुखतं. जीव जातो की काय असं वाटतं. त्यातून यंदा पोटात पिल्लं आहेत. पुन्हा तसंच चिघळलं तर ही थंडी काही मी काढत नाही. पण मान नाकारला तर कारभारी आमच्या घराण्याला पाणवठा बंद करतील. मग सगळीच मरतील. त्यापेक्षा उपट तू."

माकडाला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याचे डोळे भरून आले. त्यानं हात मागे घेतला आणि धोकटी बंद केली.

"काय रे, खोळंबा कसला?" कोल्हा खेकसला.

"कारभारी, मी यापुढे उपटलेल्या केसांचा ब्रश करणार नाही. दुसऱ्या कशाचा तरी करीन."

"दुसऱ्या कशाचा म्हणजे?"

"ते मला अजून माहीत नाही."

"माहीत नाही म्हणे! वा रे वा!" कोल्हा फिदीफिदी हसला. "बरं, ऐक. आठ दिवस दिले तुला. दरबारात महाराजांच्या तोंडाला फेस नीट चढला नाही, तर तुझी धोकटी जप्त. आणि हिचे केस तिथल्या तिथे उपटले जातील. तुझ्या हातांनी नव्हे, तरसाच्या दातांनी."

तरसाच्या दातांचं नाव निघताच डुकरीण चरकली. कोल्हा गेल्यावर ती म्हणाली, "अरे, काय बोलून बसलास हे?"

"बोललो ते बोललो, मावशी," माकड म्हणालं. "आता करून दाखवतो."

बोलणं सोपं असतं, मुलांनो. माकडानं आधी कुसळी गवताचा ब्रश बांधला. तो पाण्यात बुडवताच मान टाकून बसला. मग शेवरीच्या कापसाचा केला, त्याचा लगदा झाला. शिंदीच्या झावळीचे तंतू काढून पाहिले, तर त्यांनी माकडाच्याच गालावर ओरखडे उठले. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी दुपारी ते एका झाडाखाली डोकं धरून बसलं होतं, तेवढ्यात वरून त्याच्या टाळक्यावर कुजक्या काड्या पडू लागल्या. वर कावळीण घरटं झाडत होती.

"दिसत नाही का गं, खाली कुणी बसलंय ते?" माकड वैतागून म्हणालं.

"मग बसतोस कशाला? झाड काय तुझ्या बापाचं आहे?" कावळीण म्हणाली आणि आणखी काड्या टाकल्या.

माकडानं नीट पाहिलं. कावळीण काड्या टाकत होती, पिसं टाकत होती, पण घरट्यातले निळे दोर मात्र पुन्हा जागच्या जागी बसवत होती. "ते निळं काय आहे?" त्यानं विचारलं.

"नायलॉन. गावात कपडे वाळत घालतात ना, त्या दोरीचा तुकडा. तिसरा पावसाळा झाला, बाकी सगळं कुजलं, याला काही झालं नाही. भिजलं की झटकायचं, की सुकलं."

"कुठल्या प्राण्याचं असतं गं हे?"

"प्राण्याचं कुठलं, खुळ्या! माणसं कारखान्यात करतात. त्यासाठी कुणाच्या अंगाला हात लावावा लागत नाही."

माकड एका उडीत फांदीवर पोचलं. कावळिणीनं आधी दोन टोचा मारल्या. मग सगळी हकिकत ऐकून घेतली आणि वीतभर दोरी मोकळी करून दिली. वर बजावलं, "माझ्या अंड्यांच्या दिवसांत या झाडावर उड्या मारायच्या नाहीत. कबूल?" माकडानं कबूल केलं.

त्यानं दोरीचा पीळ सोडला, धागे बाभळीच्या काट्यानं विंचरून सुटे केले, जुडी बांधून बांबूच्या पेरात डिंकानं बसवली आणि थेट अस्वलाचं घर गाठलं. अस्वल त्याचं जुनं गिऱ्हाईक. फेस लावताच ते ओरडलं, "अरे, दाढी करतोयस की कढई घासतोयस?"

माकडानं माफी मागितली, घरी जाऊन धाग्यांची टोकं खडकावर घासली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर झालं. या खेपेस टोकं मऊ लागली. पण नायलॉन पडलं गुळगुळीत. गाठीतून धागे सटासट सुटले आणि त्यातले चार अस्वलाच्या तोंडात गेले. अस्वल थुंकत थुंकत म्हणालं, "महाराजांच्या तोंडात हे गेलं तर महाराज तुलाच तोंडात घालतील. सोड बाबा हा नाद. एका डुकरिणीच्या चार केसांसाठी पिढ्यांची धोकटी घालवतोस?"

"चार केस?" माकडाला राग आला. "तुझ्या मानेवरचे उपटू का, दादा? उपटताना तूच मोज किती होतात ते."

अस्वलानं आपल्या मानेवरून हळूच पंजा फिरवला. मग म्हणालं, "उद्या ये. माझ्या दाढीवर शिकलास तरी चालेल."

आता दोनच दिवस उरले होते. माकडानं धागा अन् धागा मधोमध दुमडला आणि दुमडीतून वेलीची दोरी ओवून जुडी आवळली, म्हणजे ओढलं तरी धागा सुटणार नाही. टोकं पुन्हा खडकावर घासली. ती पिंजून पिसासारखी झाली तरी घासतच राहिलं. बोटांची सालं निघाली. सातव्या दिवशी त्यानं अस्वलाच्या तोंडाला फेस लावला. अस्वल आधी अंग आकसून बसलं होतं. मग त्यानं एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, आणि थोड्या वेळानं चक्क घोरू लागलं.

दरबाराचा दिवस उजाडला. सगळं जंगल जमलं. कोल्ह्याच्या कानावर नायलॉनची बातमी आली होती, पण त्यानं महाराजांपाशी यातला चकार शब्द काढला नव्हता. भर दरबारात माकडाची फजिती व्हावी, असा त्याचा बेत होता. डुकरिणीला त्यानं मागच्या बाजूला उभं केलं होतं आणि तिच्या शेजारी तरस जिभल्या चाटत उभं होतं. माकडानं एकदा डुकरिणीकडे पाहिलं आणि ब्रश पाण्यात बुडवला.

महाराजांनी दरवर्षीसारखे डोळे गच्च मिटून घेतले. ब्रश गालावरून फिरला. पांढराशुभ्र फेस हनुवटीवर चढला, कानापर्यंत गेला.

"हं," महाराज म्हणाले. "आणखी थोडा वेळ फिरव."

वस्तरा झाला, तुरटी फिरवून झाली. महाराजांनी हनुवटी चाचपली आणि खूश होऊन म्हणाले, "दरवर्षी दोन-चार केस माझ्या तोंडात जातात. यंदा एकही गेला नाही! केस फारच मऊ उतरलेत यंदाचे. मानकरिणीला पुढे आणा, आम्ही तिला शाबासकी देऊ."

डुकरीण खाली मान घालून पुढे आली. महाराजांनी तिच्या मानेकडे पाहिलं, मग ब्रशाकडे पाहिलं.

"तुझे केस तर जागच्या जागी आहेत! मग या ब्रशाला कुणाचे लागले?"

"कुणाचेच नाहीत, महाराज," माकड म्हणालं.

"घात झाला, महाराज!" कोल्हा पुढे धावला. "नायलॉन आहे ते! कृत्रिम! कपडे वाळत घालायची दोरी आपल्या मुखाला लावली यानं! या बाईच्या घराण्याचा पिढ्यांचा मान बुडवला!"

महाराज डुकरिणीकडे वळले. "तुझं काय म्हणणं आहे? मान तुझा आहे."

डुकरीण एक पाऊल पुढे आली. "महाराज, तो मान तुमच्यापाशी राहू द्या. माझी मान तेवढी माझ्यापाशी राहू द्या." आणि तिनं केस बाजूला करून व्रण दाखवला. किड्यांचं सांगितलं, त्या महिन्याचं सांगितलं, पोटातल्या पिल्लांचं सांगितलं.

महाराजांचा चेहरा उतरला. "इतकी वर्षं माझी दाढी होत होती," ते म्हणाले, "आणि मी डोळे मिटून बसत होतो."

"पण महाराज, रीत..." कोल्ह्याचं आपलं चालूच.

"खरं आहे, कारभारी. एवढी जुनी रीत, एवढा मोठा मान, असा वाया घालवू नये," महाराज म्हणाले. "तुमची शेपटी चांगली झुबकेदार आहे. आजपासून केसाचा मान आम्ही तुमच्या घराण्याला देतो. तरसा, टिळ्याची माती आण रे."

तरस मातीकडे न जाता थेट कोल्ह्याच्या मागे जाऊन उभं राहिलं. कोल्ह्यानं शेपटी पोटाखाली घेतली. "महाराज! महाराज, नायलॉनच उत्तम! फेस पाहा ना काय सुरेख चढतो! ब्रश पटकन सुकतो, वासही येत नाही. मी तर म्हणतो, कायमचा हाच ब्रश ठेवावा!"

दरबारात असा हशा पिकला की पाखरं झाडांवरून उडाली. महाराजांनी त्याच दिवशी हुकूम काढला, की यापुढे जंगलात कुणाचा केस उपटून ब्रश करायचा नाही. डुकरीण पाणवठ्यावर गेली, पोटभर पाणी प्याली आणि घरी जाऊन स्वस्थ झोपली. त्या थंडीत तिला सात पिल्लं झाली. सातांच्याही मानेवर दाट केस आहेत.

तात्पर्य : दुसऱ्याच्या दुखण्याला मान म्हणू नये. ते दुखणे टाळणारी रीत शोधावी, आणि ती सापडेपर्यंत प्रयत्न सोडू नये.